मूळव्याध: लेझर, क्षारसूत्र की नुसतं इसबगोल? आधी तपासणी तर होऊ द्या

चोपड्याकडच्या एका भाऊंनी विचारलंय, ते आधी थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. वडील ५८ वर्षांचे, केळीची शेती. दोन-तीन वर्षांपासून संडासच्या वेळी अधूनमधून रक्त जातं, आता कोंब बाहेर येतो आणि बोटाने आत ढकलावा लागतो. जळगावात एका ठिकाणी लेझर सांगितलं, ७० हजार. काका म्हणतात क्षारसूत्र करा, म्हणजे आयुर्वेदातला क्षार लावलेला औषधी दोरा. गावातले एक जण म्हणतात स्टँडजवळच्या बोर्डवाल्याकडे जा, एक इंजेक्शन मारलं की विषय संपला. आणि घरच्यांनी तोवर वांगं, मिरची, केळी सगळं बंद करून टाकलंय. तर करायचं काय?

मी जनरल सर्जन आहे, खान्देशातच तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करतो, आणि ओपीडीत रोज या दुखण्याचे पेशंट असतात. माझं सरळ म्हणणं असं की लेझर की क्षारसूत्र हा प्रश्न तिसऱ्या नंबरचा आहे. पहिला प्रश्न, ही मूळव्याधच आहे का? दुसरा, असली तर कोणत्या ग्रेडची? या दोन्हीची उत्तरं मिळायच्या आत कुणी पॅकेजचा आकडा सांगत असेल तर नमस्कार करून उठायचं.

आता मूळव्याध म्हणजे नक्की काय ते बघू, कारण लोकांना वाटतं की तिथे काहीतरी नवीनच उगवलंय. तसं नाहीये. गुदद्वाराच्या आत रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या प्रत्येकाला जन्मापासून असतात, साधारण तीन, आणि पेशंट पाठीवर झोपलेला असताना घड्याळाच्या काट्याप्रमाणे बघितलं तर ३, ७ आणि ११ वाजताच्या जागेवर. नळाला आतून वॉशर असतो ना, तसं त्यांचं काम: वारा, पातळ शौच नकळत बाहेर येऊ नये म्हणून दार घट्ट बंद ठेवायचं. वर्षानुवर्षं कुंथून, कडक शौचामुळे, गरोदरपणात किंवा वयाप्रमाणे या गाद्यांना धरून ठेवणारे धागे सैल पडतात, गाद्या फुगतात, खाली सरकतात, त्यांच्यावरचं नाजूक आवरण खरचटतं आणि रक्त येतं. त्याला आपण मूळव्याध म्हणतो. म्हणून ती "मुळापासून उपटून टाकतो" असं जो म्हणतो त्याला शरीररचनाच माहीत नाही, कारण सगळ्या गाद्या उपटून टाकल्या तर नंतर धोतर ओलं होण्याची तक्रार घेऊन पेशंट परत येतो.

आत साधारण दोन सेंटिमीटरवर एक दातेरी रेषा असते. तिच्या वर दुखण्याची जाणीव जवळजवळ नाही, तिच्या खाली भयंकर. मूळव्याधीचं सगळं गणित या एका रेषेवर आहे. आतली मूळव्याध दुखत नाही, नुसतं लालभडक रक्त येतं, कधी थेंब थेंब, कधी पिचकारीसारखं भांड्यावर उडतं, आणि माणूस घाबरून येतो. आमच्याकडे धुळ्याकडचे आजोबा येतात ते म्हणतात, "डाक्टर, रगत पडस पन दुखत नही." हे एवढं वाक्य म्हणजे अर्धं निदान झालं.

याउलट जो पेशंट खुर्चीच्या कडेवर एका बाजूला बसतो, संडासला जायच्या विचारानेच ज्याला घाम फुटतो, काच कापत गेल्यासारखं दुखतं आणि नंतर तास-दोन तास आग होत राहते, त्याला बहुतेक वेळा मूळव्याध नसतेच. ती चीर, म्हणजे फिशर. एका शिक्षिका बाईंनी कित्येक महिने मेडिकलवरून मूळव्याधीचं मलम आणून लावलं, वर मूळव्याधीचं चूर्ण पण चालू होतं, आणि होती फिशर. चिरेचा इलाज वेगळा आहे. तिथे आतला स्नायू आवळून बसलेला असतो त्यामुळे रक्तपुरवठा कमी पडतो आणि जखम भरत नाही, म्हणून स्नायू सैल करणारं मलम लागतं, डिल्टियाझेम २ टक्के किंवा निफेडिपिनचं, आणि ते नेमाने सहा ते आठ आठवडे. बऱ्याच जणांचं तेवढ्यात भागतं. चिरेच्या तोंडाशी कातडीचा एक छोटा तुकडा लोंबतो त्यालाच लोक "मोड आला" म्हणतात आणि तिथून सगळी गाडी चुकीच्या रुळावर जाते.

तिसरं भगंदर. बाजूला पुळी येते, पू येतो, बसते, परत येते. ते पूर्ण वेगळं प्रकरण. आणि चौथं म्हणजे अचानक एका रात्रीत दाराशी आलेली निळसर, द्राक्षाएवढी, ठणकणारी गाठ. बाहेरच्या शिरेत रक्त गोठलं की असं होतं. पहिल्या ७२ तासांत आलात आणि खूप दुखत असेल तर जागा बधिर करून काढून टाकता येते, आराम लगेच. उशीर झाला असेल तर मुद्दाम काही करायचं नाही, शेक घ्या, गोळी घ्या, दोन-तीन आठवड्यांत ती आपोआप बसते.

आणि आता ज्याच्यासाठी हे एवढं लांबण लावलंय ते. रक्त म्हणजे मूळव्याधच असं गृहीत धरायचं नाही. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाचा कॅन्सर पण रक्तच दाखवतो, आणि आपल्याकडे तो पन्नाशीच्या आतल्या माणसांतही भरपूर दिसतो. तिशीतला एक मुलगा माझ्याकडे आला तेव्हा वर्षभर पुड्या खाऊन झाल्या होत्या, कुणीही हात लावून बघितलं नव्हतं, आणि बोट घातल्या घातल्या गाठ लागली. बोटाने! मशीन नाही, काही नाही. गुदाशयाच्या खालच्या भागातले कॅन्सर ग्लोव्ह घातलेल्या बोटाला लागतात, आणि त्या ग्लोव्हची किंमत किती असते ते तुम्हाला माहितीये.

त्यामुळे भाऊ, वडिलांचं वय ५८, रक्त दोन-तीन वर्षांपासून, तर मी कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठं आतडं बघणं, केल्याशिवाय पुढे जाणार नाही. समोर मूळव्याध दिसत असली तरीसुद्धा, कारण दोन्ही एकत्र असू शकतात. वय साधारण ४५ च्या पुढे, किंवा वजन उतरतंय, शौचाची सवय बदलली, कधी पातळ कधी घट्ट, रक्त शौचात मिसळून किंवा काळपट येतंय, चिकट शेंब जाते, पोट साफ झाल्यासारखं वाटत नाही, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झालेला, यातलं एक जरी असेल तर दुर्बिणीने पूर्ण आतडं बघून घ्यायचं. पोटाची सोनोग्राफी करून "मूळव्याध दिसत नाही" असा रिपोर्ट घेऊन लोक येतात, पण सोनोग्राफीत ती दिसतच नसते, ते पैसे वाया.

त्यासोबत हिमोग्लोबिन करा. हे लोकांना फालतू वाटतं. रोज चार थेंब जातात त्याने काय होतंय असं म्हणत म्हणत एक ट्रॅक्टर चालवणारा गडी माझ्याकडे आला तेव्हा हिमोग्लोबिन ५ होतं, डोळ्यांच्या पापण्या उलट्या केल्या तर कागदासारख्या पांढऱ्या, जिना चढताना धाप लागायची आणि घरच्यांना वाटत होतं आळशी झालाय. त्याला आधी रक्त चढवावं लागलं, मग बाकीचं. आणि वडील दारू घेत असतील किंवा लिव्हरचा त्रास असेल तर तेही डॉक्टरला सांगा, लाजू नका, कारण लिव्हर खराब असताना तिथल्या शिरा वेगळ्या कारणाने फुगतात आणि त्यांना बँड किंवा चाकू लावला तर रक्त थांबवताना नाकी नऊ येतात. एन्जिओप्लास्टी झालेली असेल, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तेही. ती गोळी स्वतःच्या मनाने मात्र बंद करू नका.

तपासणीची लाज हे आपल्याकडे सगळ्यात मोठं कारण आहे उशिराचं, विशेषतः बायकांमध्ये, म्हणून तिथे काय होतं ते सांगूनच टाकतो. डाव्या कुशीवर झोपायचं, गुडघे पोटाशी घ्यायचे, अंगावर चादर असते. सोबत नर्स किंवा घरचं माणूस थांबू शकतं. आधी बाहेरून बघतो, मग जेली लावून बोट, मग अंगठ्यापेक्षा थोडी जाड अशी एक छोटी नळी, प्रॉक्टोस्कोप, आत लाइट टाकून बघायचं. नळी बाहेर काढता काढता पेशंटला थोडं कुंथायला सांगतो, त्या वेळी गाद्या नळीच्या तोंडात फुगून येतात, जांभळट लाल, आणि कोणती गादी रक्त सोडतेय ते तिथेच दिसतं. दोन मिनिटांचं काम. फक्त फिशर असेल तर आम्ही नळी टाकत नाही, कारण दुखण्याने माणूस टेबलावरून उडी मारेल. नुसतं हाताने कातडी बाजूला केली तरी चीर दिसते.

आता ग्रेड. नुसतं रक्त, काही बाहेर येत नाही, ती पहिली. संडासच्या वेळी बाहेर येतं आणि उठलं की आपोआप आत जातं, ती दुसरी. बोटाने ढकलावं लागतं, ती तिसरी. आणि ढकलूनही आत जात नाही, कायम बाहेरच, ती चौथी. तुम्ही लिहिलंय त्यावरून वडिलांची तिसरी वाटतेय, पण कागदावरून ग्रेड ठरत नाही, पुष्कळदा पेशंट ज्याला कोंब म्हणतो ती नुसती बाहेरची सैल कातडी असते जिला काहीच करायची गरज नसते.

ग्रेड कोणतीही असो, पहिला इलाज पोटातून आणि संडासातून. आणि लोक नेमका हाच इलाज टाळतात, मला तर वाटतं फुकट आहे म्हणूनच टाळतात. चोथा, म्हणजे फायबर, दिवसाला २५ ते ३० ग्रॅम पोटात गेला पाहिजे. नुसतं चोथा वाढवून मूळव्याधीचं रक्त जाणं जवळपास निम्म्यावर येतं असं अनेक अभ्यास एकत्र करून बघितल्यावर दिसलंय, पण त्याला दोन दिवस नाही तर चार-सहा आठवडे द्यावे लागतात. इसबगोल रात्री एक ते दोन चमचे, मोठा पेलाभर पाण्यात, आणि वरून अजून एक पेला पाणी. कोरडं तोंडात टाकून घोटभर पाण्यावर गिळणारे मी बघितलेत, त्याने उलट आत गोळा होऊन जास्त त्रास होतो. सुरुवातीला पोट फुगतं, वारा सरतो, म्हणून अर्ध्या चमच्याने चालू करा.

आणि पाणी. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या वर जातो, माणूस शेतात दिवसभर घाम गाळतो आणि पाणी पितो ते तंबाखू थुंकल्यावर चूळ भरण्यापुरतं. उन्हाळ्यात माझी ओपीडी याच पेशंटनी भरते. शेतात जाताना दोन मोठ्या बाटल्या सोबत न्यायच्या, ताक असेल तर उत्तमच.

आता तुमच्या वांग्याचं. वांग्याने मूळव्याध होते याला कुठलाही आधार नाही. खान्देशातल्या माणसाला हिवाळ्यात भरीत बंद करायला सांगणं म्हणजे पेशंट कायमचा गमावणं, आणि विनाकारण. भरीत आणि कळण्याची भाकरी हे तर चोथ्याच्या हिशोबाने चांगलंच जेवण आहे, फक्त त्यावर तेलाची धार ओतायची नाही. मिरचीचं थोडं वेगळं. मिरचीने मूळव्याध तयार होत नाही, पण चीर असेल तर दुसऱ्या दिवशी ठेचा आपली आठवण करून देतो, तेव्हा फिशरवाल्यांनी जखम भरेपर्यंत हात आखडता घ्यावा. केळीबद्दल तर रावेर-यावलचे शेतकरी स्वतः विचारतात की आमच्या मालाने बद्धकोष्ठ होतो का हो डॉक्टर. पिकलेली केळी बिनधास्त खा, एका केळात अडीच-तीन ग्रॅम चोथा असतो. कच्च्या केळाचे वेफर्स किलोभर खाल्ले तर मात्र मी जबाबदार नाही. खरा चोर वेगळाच आहे: सकाळी चहासोबत टोस्ट-खारी, दुपारी वडापाव, संध्याकाळी ढाब्यावर शेवभाजी आणि मैद्याची रोटी, असं आठवड्यातून चार दिवस. त्यात पालेभाजी कुठे आहे सांगा? ज्वारीची भाकरी, गिलकं, मेथी, मठ, मूग, पेरू हे सगळं आपल्याच बाजारात मिळतं आणि कुठल्याही चूर्णापेक्षा स्वस्त पडतं.

संडासात मोबाईल न्यायचा नाही, हे मी तरुण पोरांना ओरडून सांगतो. बोस्टनमध्ये कोलोनोस्कोपीला आलेल्या १२५ जणांवर झालेला एक अभ्यास २०२५ साली आला, त्यात मोबाईल आत नेणाऱ्यांमध्ये मूळव्याध ४६ टक्क्यांनी जास्त सापडली. अभ्यास छोटा आहे, त्यावरून मोबाईलनेच होते असं सिद्ध होत नाही, पण कारण समजण्यासारखं आहे, कमोडवर बसल्यावर खालून आधार नसतो, गाद्यांमध्ये रक्त साचत राहतं आणि माणूस रीळ बघत वीस मिनिटं तिथेच. पाच मिनिटांत झालं तर झालं, नाहीतर उठायचं, परत कळ आली की जायचं. कळ आली की थांबवून ठेवायची नाही, हे एसटी ड्रायव्हर आणि सराफाच्या दुकानात दिवसभर गादीवर बसणाऱ्यांनी खास लक्षात ठेवा. गुडघे चांगले असतील तर आपलं भारतीय संडास उत्तम, कमोड असेल तर पायाखाली एक लाकडी पाट घ्या.

औषधांत डायोस्मिन-हेस्पेरिडिनच्या गोळ्या येतात, त्याने चालू असलेलं रक्त आणि सूज कमी व्हायला मदत होते, पण लटकलेला कोंब त्या गोळीने आत जात नाही. मलमांनी तात्पुरता आराम. ज्या मलमात स्टिरॉइड आहे ते आठवडाभराच्या वर लावत बसू नका, कातडी पातळ होते. कोमट पाण्याच्या टबात दिवसातून दोन-तीनदा दहा मिनिटं बसणं हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात आवडतं औषध, पाणी पोळेल इतकं गरम नको, आणि त्यात डेटॉल, तुरटी, मीठ काहीही टाकायची गरज नाही.

एवढं करूनही रक्त थांबत नाही, आणि ग्रेड पहिली-दुसरी किंवा लहान तिसरी असेल, तर ओपीडीतला इलाज, म्हणजे बँडिंग. माझ्या मते सगळ्यात कमी वापरला जाणारा चांगला इलाज हाच, कारण यात कुणालाच फार पैसे मिळत नाहीत. तीच प्रॉक्टोस्कोपची नळी, त्यातून गादीचा वरचा भाग ओढून घ्यायचा आणि त्याच्या बुडाशी एक छोटी रबरी रिंग सोडायची. रिंग त्या दातेरी रेषेच्या वर बसली पाहिजे, तिथे दुखण्याची जाणीव नाही म्हणून भूल लागत नाही, पेशंटला फक्त संडास लागल्यासारखं जड वाटतं एक-दोन दिवस. रिंग लावल्या लावल्या कचकन दुखलं तर ती खाली लागलीये, तिथल्या तिथे काढायला सांगायची, सहन करत घरी जायचं नाही. रक्तपुरवठा तुटला की तो भाग पाच ते दहा दिवसांत गळून पडतो, तेव्हा थोडं रक्त दिसतं, ते अपेक्षित आहे. खूप रक्त आलं, किंवा ताप, वाढत जाणारं दुखणं आणि लघवी अडणं असं एकत्र आलं तर मध्यरात्र असली तरी डॉक्टरला उठवा, हे फार क्वचित होतं पण तेव्हा वेळ घालवायचा नसतो. एकदा करून सगळं भागेलच असं नाही, काही आठवड्यांनी परत एखादी रिंग लागू शकते.

इंग्लंडमध्ये २०१६ साली दुसऱ्या-तिसऱ्या ग्रेडच्या पेशंटवर बँडिंग आणि डॉप्लर मशीनने धमनी शोधून बांधायचं ऑपरेशन यांची तुलना झाली होती. वर्षभरात एकदाच केलेल्या बँडिंगनंतर निम्म्या लोकांना परत त्रास झाला, ऑपरेशनवाल्यांत ३० टक्क्यांना. ऐकायला ऑपरेशन भारी वाटतं, पण गरज पडली तर बँडिंग पुन्हा करता येतं हे हिशोबात धरलं की फरक फारसा उरत नाही, आणि ऑपरेशनला खर्च आणि दुखणं जास्त.

इंजेक्शनचं पण सांगतो कारण त्यात फसवणूक सगळ्यात जास्त. शास्त्रीय इंजेक्शन आहे, बदाम तेलातलं ५ टक्के फिनॉल किंवा पॉलिडोकॅनॉल, गादीच्या बुडाशी नेमक्या थरात द्यायचं, छोट्या मूळव्याधीला आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असलेल्यांना उपयोगी. बोर्डवाला जे टोचतो ते काय असतं ते त्याच्या बाटलीवर लिहिलेलं नसतं. त्यानंतर आलेले पेशंट मी बघितलेत, सगळी जागा जळून काळी पडलेली, आणि ती भरताना आवळत आवळत दार करंगळी जाणार नाही इतकं बारीक झालेलं. मग ते मोठं करायला वेगळं ऑपरेशन. "बिना ऑपरेशन, बिना चिरफाड, एका दिवसात गॅरंटी" असं लिहिलेलं असेल आणि खाली डिग्री नसेल तर तिथे वडिलांना नेऊ नका, काय वाट्टेल ते झालं तरी.

क्षारसूत्राबद्दल मी काकांशी भांडणार नाही, फक्त जागा सांगेन. क्षारसूत्राची खरी ताकद भगंदरात आहे, आयसीएमआरने त्याची रीतसर चाचणी घेऊन १९९१ साली निकाल छापले होते, जखम भरायला ऑपरेशनपेक्षा वेळ जास्त पण परत होण्याचं प्रमाण कमी. मी स्वतः अवघड भगंदराचे पेशंट शल्यतंत्रात, म्हणजे आयुर्वेदातल्या सर्जरीत, एमएस झालेल्या वैद्यांकडे पाठवतो. मूळव्याधीला त्यांच्याकडे क्षारकर्म असतं, म्हणजे क्षाराचा लेप लावणं, ते वेगळं. शिकलेल्या हाताने केलं तर काही पेशंटना गुण येतो. पण तिथेही तपासणी आणि कोलोनोस्कोपी आधी, हे बदलत नाही.

आता लेझर. जाहिराती बघून लोकांना वाटतं की लाइट मारला की सगळं गायब. प्रत्यक्षात लेझरची एक बारीक तार गादीच्या आत घालतात, आतून उष्णता देतात, गादी आकसते. भूल लागतेच, बहुतेक वेळा कमरेतली. फायदा खरा आहे: कापण्यापेक्षा दुखणं कमी, कामावर लवकर जाता येतं. तोटा पण खरा आहे: मोठ्या तिसऱ्या आणि चौथ्या ग्रेडमध्ये, जिथे बरंच काही बाहेर लोंबतंय, तिथे परत होण्याचं प्रमाण कापून काढण्यापेक्षा जास्त, आणि बाहेरची कातडी तशीच राहते. दुसरी ग्रेड, छोटी तिसरी, माणसाला सुट्टी कमी आहे आणि पैसे आहेत, तर लेझर करा, मी नाही म्हणत नाही. पण ज्या पेशंटचं काम बँडिंगवर भागतं त्यालाही लेझर विकलं जातं, हे मला खटकतं.

स्टेपलर आला तेव्हा पण असंच वारं होतं. इटलीच्या लाँगोंनी १९९८ च्या सुमारास तो आणला, गोल मशीनने वरचा पट्टा कापून गादी वर ओढून टाचायची. दुखणं सुरुवातीला कमी. पण २०१६ मध्येच ब्रिटनच्या एका मोठ्या चाचणीत, ७७७ पेशंट होते त्यात, दोन वर्षं बघितल्यावर जुनं कापायचं ऑपरेशनच एकूण जगण्याच्या दर्जाच्या हिशोबाने सरस आणि स्वस्त निघालं.

जुनं ऑपरेशन म्हणजे मिलिगन आणि मॉर्गन यांनी १९३७ साली लंडनहून मांडलेलं. मोठ्या मूळव्याधीसाठी सगळ्यात कमी परत होणारं आजही हेच. त्याची बदनामी दुखण्याची, आणि ती खोटी नाही, पहिला आठवडा-दहा दिवस खरंच त्रासाचे असतात आणि जखमा पूर्ण भरायला चार ते सहा आठवडे. जखमांच्या मध्ये चांगल्या कातडीचे पूल ठेवावे लागतात, नाहीतर दार आवळतं, म्हणून ज्याचा हात यात बसलाय त्याच्याकडेच करा.

तर वडिलांसाठी माझा क्रम असा राहील. प्रॉक्टोस्कोपी, हिमोग्लोबिन, शुगर, कोलोनोस्कोपी. रक्त कमी असेल तर आधी ते भरून काढायचं. सोबत चोथा, पाणी, संडासची सवय आजपासून चालू. कोंब लहान आणि आतलाच असेल तर बँडिंग करून बघू. मोठा, बाहेरचा भाग पण जोडलेला असेल तर सरळ कापून काढणं, एकदाच. ज्याने ७० हजार सांगितले त्याला विचारा की ग्रेड कोणती, बँडिंग का नाही चालणार, कोलोनोस्कोपी केली का, आणि परत झालं तर पुढे काय. उत्तर नीट मिळालं तर माणूस चांगला आहे. पैशांची अडचण असेल तर जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी सरकारी मेडिकल कॉलेज आहेत, सर्जरीच्या ओपीडीत हे रोजचं काम आहे, रेशन कार्ड आणि आधार घेऊन जा आणि तिथल्या आरोग्यमित्राला विचारा की महात्मा फुले जनआरोग्य योजनेत यातलं सध्या काय बसतंय.

ऑपरेशन ठरलं तर केळीच्या कापणीच्या मध्ये ठरवू नका, घड वाहणं निदान महिनाभर बंद राहणार आहे. कमरेतल्या भुलीनंतर त्या रात्री लघवी अडू शकते, घाबरायचं नाही, गरज पडली तर नळी घालून काढतात. पहिली संडास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी होते आणि तिच्याच भीतीने पेशंट जेवायचं बंद करतात, तो सगळ्यात वाईट उपाय, कारण मग शौच कडक होते. पहिल्या दिवसापासून वरण-भात, भाजी, भरपूर पाणी, रात्री पोट साफ व्हायचं सिरप, आणि दुखण्याची गोळी दुखायच्या आधी वेळेवर. सातव्या ते दहाव्या दिवशी थोडं रक्त दिसलं तर चालतं, पण भांडं भरून गेलं, चक्कर आली, गाठी पडल्या तर त्याच दवाखान्यात लगेच न्या.

तपासणी झाली की ग्रेड आणि हिमोग्लोबिन किती आलं ते इथेच लिहा, मग पुढचं बोलू.